पाठ्यपुस्तकातील ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवतो; ‘आपण’ म्हणताना त्याला हाताला धरून घरात घेतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकाची पारख करताना ही दोन सर्वनामे जवळ ठेवावीत, असे आम्ही सुचवू इच्छितो. राष्ट्राचा इतिहास सांगणारे प्रत्येक पुस्तक ‘आपण’च्या भाषेत बोलत असते. पण वर्गातील काही मुलांच्या कानी तो शब्द ‘आम्ही’ होऊन तर पडत नाही ना?

इतिहास कसा शिकवावा याविषयीचा आपल्या देशातील वाद जुना आहे. जनता पक्षाच्या राजवटीत, १९७८ साली, रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमातून काढून घेण्यात आले. २००१ मध्ये अनेक पुस्तकांतील उतारे गाळण्याचा आदेश निघाला. २००२ मध्ये नव्या अभ्यासक्रम आराखड्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने आराखडा ग्राह्य धरला. २००४ मध्ये सरकार बदलले, २००५ मध्ये आराखडाही बदलला. २०२३ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबारावरील प्रकरण वगळले गेले. आपल्या राज्यात २०१७ साली सातवीचे पुस्तक मराठ्यांच्या इतिहासाभोवती नव्याने रचले गेले, तेव्हाही वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली.

या सगळ्या वादांत एक साम्य आम्हांला दिसते. भांडण बहुधा नावांच्या यादीवरून होते: कोण आत राहणार, कोण बाहेर जाणार, कोणाला किती पाने मिळणार. मुलाला एखादी गोष्ट कळली ती कशावरून, हा प्रश्न मागे पडतो. २००५ नंतरच्या वरच्या इयत्तांच्या पुस्तकांनी बखरी, शिलालेख, प्रवासवर्णने यांचे उतारे मुलांपुढे ठेवले. हा त्यांचा मोठा गुण मान्य केला पाहिजे. सातवीच्या ज्या पुस्तकाचा उल्लेख वर केला, त्याचाही पहिला धडा इतिहासाच्या साधनांचाच आहे. भौतिक, लिखित आणि मौखिक साधने कोणती, हे तेथे नीट समजावले आहे. दुर्दैव असे की, पुढील धड्यांत ही साधने फारशी हाती येत नाहीत. तयार निष्कर्ष तेवढे येतात. सुताराच्या मुलाला पहिल्या दिवशी रंधा आणि पटाशी दाखवावी आणि मग वर्षभर तयार खुर्च्याच दाखवाव्यात, तसे हे झाले.

उदाहरण आपल्या वसईचेच घेऊ. त्या पुस्तकात चिमाजी आप्पांच्या मोहिमेला काही ओळी मिळाल्या आहेत: पोर्तुगीज राज्यकर्ते प्रजेवर जुलूम करीत, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तो जिंकला. यात खोटे काहीच नाही. जुलूम झाला होता. अंजूरच्या नाईक घराण्याने पेशव्यांकडे धाव घेतली, ती त्याच जुलमामुळे. वेढ्यात मराठ्यांचे हजारो लोक पडले, हेही खरे. त्या शौर्याचा अभिमान वसईच्या मुलाने का बाळगू नये?

पण त्या वर्गात बसलेल्या ख्रिस्ती मुलाच्या मनात दुसरा एक प्रश्न उभा राहतो आणि पुस्तक त्याकडे पाहत नाही. पोर्तुगीज गेले, मग त्याचे पूर्वज कोण होते? ते लिस्बनहून आलेले नव्हते. ते याच मातीतले वाडवळ, सामवेदी, कोळी. घरात मराठीच्याच बोली बोलणारे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली तेव्हा ते येथेच होते आणि १७३९ मध्ये गलबते भरून गोरे निघून गेले तेव्हाही ते येथेच राहिले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक दिली होती. हे एक वाक्य पाठ्यपुस्तकात आले असते तर काय झाले असते? विजेत्याची थोरवी उणी न होता उलट वाढली असती, आणि त्या मुलाला ‘आपण’ या शब्दात बसायला जागा मिळाली असती.

येथे आमच्या वाचकांना थोडे कटू वाटेल असे सांगणे भाग आहे. आपल्याविषयीचे एक गोड वाक्य वाढवून मागावे आणि नकोसे वाक्य गाळून मागावे, ही रीत आपण स्वीकारली तर त्या जुन्या यादीच्या भांडणात आपणही एक पक्ष होऊ. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. साष्टीत आणि वसईत देवळे पाडली गेली. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांची भाषा मोडून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढला. ही पाने आपल्या मुलांनी वाचलीच पाहिजेत. त्याच राजवटीत, १६१६ साली, रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, हेही त्यांनी वाचावे. एकाच सत्तेच्या छायेत मराठीचे ओवीबद्ध पुराण घडते आणि अडुसष्ट वर्षांनी लोकभाषा बंद करण्याचा हुकूमही निघतो. ही गुंतागुंत ज्याला पेलता येते त्याला इतिहास कळू लागला. सत्याने मुक्त व्हायचे असेल तर सत्याची निवड करता येत नाही.

केंद्रीय परिषदेच्या २०२५ च्या आठवीच्या पुस्तकात इतिहासातील काळ्या कालखंडांविषयी एक स्वतंत्र टिपण आहे. भूतकाळातील घटनांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये, असे त्यात बजावले आहे. विचार उत्तम आहे आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. मात्र सूचनेची चौकट लावल्याने द्वेष थांबत नाही. भूतकाळातील राजा आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा यांच्यातील अंतर धड्याच्या रचनेतूनच दिसावे लागते. राजाच्या पदरी कोण होते, कर कोण भरीत होते, लढाईत कोणत्या बाजूला कोण होते, हे तपशील आले की ‘ते’ आणि ‘आपण’ यांची भिंत आपोआप सच्छिद्र होते.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना एवढे झेपेल काय, असा आक्षेप शिक्षक घेतील. मुलांना गोष्ट हवी असते, तिला नायक हवा असतो, हे आम्हांलाही मान्य आहे. पण कोवळ्या मुलालाही एक वस्तू हाती देऊन प्रश्न विचारता येतात. वसई प्रांतातील चर्चच्या अनेक घंटा १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी देशावर नेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही आहेत. अशा एका घंटेचे छायाचित्र धड्यात द्यावे आणि विचारावे: ही कोणासाठी ओतली गेली? कोणी, का नेली? नेणाऱ्याने ती वितळवून तोफ का केली नाही, देवळात का टांगली? आज ती कोणाची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे साधनांत सापडतील. तिसऱ्यासाठी तर्क करावा लागेल. चौथ्यावर वर्गात खडाजंगी होईल. होऊ द्यावी. हिंदू मुलाला विजय दिसेल, ख्रिस्ती मुलाला वियोग दिसेल, आणि तास संपेपर्यंत दोघांनाही दुसऱ्याला काय दिसले ते ठाऊक होईल. इतिहासाच्या तासाकडून याहून अधिक काय मागावे?

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलांची पुस्तके जूनमध्ये घरी येतात तेव्हा आपण त्यांना कव्हरे घालतो. यंदा कव्हर घालण्यापूर्वी इतिहासाचे पुस्तक उघडून वाचावे. त्यात चूक आढळली तर पुराव्यासह मंडळाला लिहावे; आपल्या सोयीचे नाही एवढ्याच कारणास्तव लिहू नये. आणि घरातील आजी-आजोबांना ठाऊक असलेली गावाची हकीकत मुलांकडून वहीत उतरवून घ्यावी. मौखिक साधन म्हणतात ते हेच. पाठ्यपुस्तकाचा ‘आपण’ पुरेसा रुंद व्हायचा असेल तर त्यात भर घालणारे हात सर्व घरांतून यावे लागतील, आणि त्यांत आपलेही असावेत.