पोलादाचा नाद आणि तुटलेली बोटे : ब्लॅक सॅबथच्या १९७० मधील चित्रित मैफलीचे पुनरवलोकन

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन भागात १९६८ साली एकत्र आलेल्या ब्लॅक सॅबथ या बँडकडे हेवी मेटल या संगीतप्रकाराचे जनकत्व दिले जाते. ओझी ऑस्बोर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे चौघे मूळ कलावंत ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र आले. २२ जुलै रोजी ऑस्बोर्न यांचे निधन झाले. त्या संध्याकाळी त्यांनी सादर केलेली ‘वॉर पिग्ज’, ‘एन. आय. बी.’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’ ही चारही गाणी १९७० च्या एका चित्रित मैफलीत आढळतात. ते जुने चित्रण नव्याने पाहण्यास यापेक्षा वेगळे निमित्त नको.

हे चित्रण अनेक वर्षे ‘पॅरिस १९७०’ या नावाने प्रसारात होते आणि त्याचे स्थळ ऑलिंपिया नाट्यगृह व दिनांक २० डिसेंबर असा सांगितला जाई. वस्तुतः ती मैफल ३ ऑक्टोबर १९७० रोजी ब्रुसेल्समधील थिएटर १४० येथे झाली. २०१६ मध्ये ‘पॅरानॉइड’ अल्बमच्या विशेष आवृत्तीत तिचे ध्वनिमुद्रण ब्रुसेल्सच्याच नावाने समाविष्ट झाले. ही दुरुस्ती केवळ तपशिलाची नाही. ‘पॅरानॉइड’ इंग्लंडमध्ये १८ सप्टेंबर रोजी बाजारात आला होता. म्हणजे पडद्यावर दिसणारा बँड त्या यशाच्या जेमतेम पंधरा दिवस पुढे आहे. कीर्तीची सवय झालेल्या कलावंतांचे हे चित्रण नव्हे.

या संगीताविषयी एक उपपत्ती वारंवार मांडली जाते: बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील घणांचे ठोके ऐकत ही मुले वाढली, म्हणून त्यांचे संगीत यंत्रासारखे झाले. उपपत्ती आकर्षक आहे. चित्रण मात्र तिला पुरता दुजोरा देत नाही. जालना औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलचा आवाज ज्याच्या कानांत बसला आहे, त्याला हे विशेषत्वाने जाणवावे. भंगार इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे, ते लालबुंद असताना रोलमधून पुढे ढकलत सळई काढायची, या कामाच्या आवाजाला विराम नसतो. पाळी बदलते, माणसे बदलतात, आवाज तोच राहतो. वॉर्ड यांचे ड्रमवादन याच्या नेमके उलट आहे. त्यावर जॅझचा, विशेषतः जीन क्रुपा यांचा, संस्कार आहे. लय झुलते, किंचित मागे रेंगाळते, एकदम धावते. ‘ब्लॅक सॅबथ’ या गाण्यात दोन आघातांमधील शांतता आघाताइतकीच बोलते. यंत्राला अशी शांतता परवडत नाही. हे यंत्राचे अनुकरण मानण्यापेक्षा, यंत्राने हिरावलेली लय परत मिळवण्याचा प्रयत्न मानणे अधिक सयुक्तिक होय.

याच गाण्याचा मूळ स्वरबंध षड्ज, तारषड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्यावर उभा आहे. युरोपीय परंपरेने या स्वरांतराला सैतानाशी जोडले. मराठी श्रोत्याच्या ओळखीचा तीव्र मध्यम यमनातला, सायंकाळच्या प्रसन्नतेचा असतो. तेव्हा भय त्या स्वरात नाही. स्वराला पुढे जाऊ न देण्यात, पंचमाचा आधार नाकारण्यात ते आहे. तार सैल करून स्वर खाली उतरवण्याची आयोमींची प्रसिद्ध पद्धत अल्बममध्ये १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पासून ऐकू येते, पहिल्या दोन अल्बममधील भारदस्तपणाचे श्रेय तिला देता येत नाही.

कारखाना या संगीतात खरोखर कोठे असेल, तर तो आयोमींच्या उजव्या हातात आहे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात हाच होता. कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट या, आगीत हात भाजूनही दोन बोटांवर गिटार वाजवणाऱ्या कलावंताची तबकडी ऐकवली. पुढे आयोमींनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढवले आणि हलक्या तारा वापरल्या. भट्ट्यांच्या आणि मिलच्या गावाला अशा अपघाताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत कामगार आपल्या नावाने बोलतो. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये गिरणी, रस्ता, संप हे सारे शब्दांत उघड येते. सॅबथच्या या मैफलीत कारखान्याचे वर्णन येत नाही. तेथे युद्ध आहे, अमली पदार्थ आहेत, प्रेमात पडलेला सैतान आहे. ही उणीव म्हणता येईल, आणि सुर्वे यांच्या तुलनेत ती आहेच. शब्दांच्या बाबतीत हा बँड अनेकदा बालिश ठरतो. ‘आयर्न मॅन’ मात्र अपवाद मानावा लागेल. त्यातील माणूस पोलादाचा होतो, आणि ज्यांच्यासाठी तो परततो ते त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कथानक चित्रकथेचे आहे. पण ब्रुसेल्समध्ये ते ज्या जड, अडखळत्या चालीने वाजवले जाते, तिच्यात उपेक्षेचा अनुभव उसना वाटत नाही.

व्हिला पार्कमध्ये ऑस्बोर्न आसनावर बसून गायले. आयोमींच्या अपघाताला तेव्हा साठ वर्षे झाली होती, आणि ‘आयर्न मॅन’च्या तारा दाबणाऱ्या दोन बोटांवर टोप्या होत्याच.