फेलाची लय, जोन्सची पावले

न्यूयॉर्कच्या युजीन ओ'नील थिएटरमध्ये 'फेला!' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचा प्रयोग नेमका कधी सुरू होई, हे सांगणे अवघड होते. प्रेक्षक आत येत, आपली खुर्ची शोधत, कोट काढून मांडीवर घेत आणि तोवर मंचावरचा वाद्यवृंद चांगला तापलेला असे. भिंतींवर पत्रे ठोकलेले, त्यांवर भडक रंगांतली चित्रे, वर दिव्यांच्या माळा. नेपथ्य आणि वेशभूषा मरिना द्रागिची यांची. 49व्या रस्त्यावरच्या जुन्या, मखमली नाट्यगृहाचे त्यांनी लागोसमधले 'श्राइन' करून टाकले होते. श्राइन म्हणजे नायजेरियाचा गायक-वादक फेला कुटी याचा स्वतःचा क्लब. तिथे तो रात्र-रात्र वाजवी, गाई, नाचे आणि सरकारला नावे घेऊन शिव्या देई. नांदी नाही, पडदा नाही. आपण एका चालू मैफलीत उशिरा पोहोचलो आहोत, असेच वाटे. मी 2010 च्या उन्हाळ्यात हा प्रयोग पाहिला. फेलाच्या गाण्यांच्या तबकड्या त्याआधी कितीतरी वर्षे ऐकत आलो होतो, त्यामुळे आनंदाइतकीच धास्तीही होती.

धास्तीचे कारण साधे होते. फेलाचे गाणे आणि ब्रॉडवेचे नाटक यांचे वेळेशी असलेले नातेच उलटे आहे. फेलाचे एक गाणे बहुतेकदा तबकडीची एक अख्खी बाजू व्यापते. 'झोंबी' बारा मिनिटांवर जाते, 'कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट' बावीस मिनिटांवर आणि 'अननोन सोल्जर' अर्धा तास चालते. आधी गिटारचा एक छोटा तुकडा येतो आणि तो न थकता फिरत राहतो. मग दुसरी गिटार त्याच्या फटीत आपला तुकडा बसवते, बास येतो, शेकेरेची खळखळ येते, टोनी ॲलनचे ड्रम पायाखालची जमीन हलती ठेवतात, आणि मग पितळी वाद्यांचा ताफा एकदम उसळतो. 'झोंबी'त फेलाचा आवाज पाचेक मिनिटांनी लागतो. तोवर ऐकणाऱ्याचे शरीर त्या ठेक्याने पुरते ताब्यात घेतलेले असते आणि शब्द आयत्या तयार जमिनीत पडतात. शिवाय एकदा ध्वनिमुद्रित केलेले गाणे तो पुन्हा मंचावर वाजवत नसे. लोक ओळखीच्या गाण्यासाठी ओरडत आणि तो नवीन गाणे काढी. अशा माणसाची छापलेली गाणी घेऊन आठवड्यातून आठ वेळा तोच प्रयोग करायचा, हा बेतच त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणारा.

आपल्या संगीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाला हा पेच चटकन कळेल. बालगंधर्वांच्या पदासाठी कथानक थांबत असे. 'वन्स मोअर' आला की तेच पद नव्या अंगाने फुलत असे आणि पुढच्या प्रवेशाला कुणी घाई करत नसे. ब्रॉडवेच्या नाटकात गाण्याने कथा पुढे ढकललीच पाहिजे, नाहीतर ते कापले जाते. म्हणून 'फेला!'मध्येही बहुतेक गाणी कापलेलीच आहेत. काहींचा तर दोन-तीन मिनिटांचा तुकडाच उरला आहे. ज्याने मूळ ऐकले आहे, त्याला हे बोचते. मलाही बोचले.

तरीही हा प्रयोग मोठा आहे, आणि त्याचे श्रेय मी आधी बिल टी. जोन्स यांना देतो. ते मुळात नर्तक. दिग्दर्शन आणि नृत्यरचना दोन्ही त्यांची, संहिताही जिम लुईस यांच्याबरोबर त्यांनीच लिहिलेली. गाण्यातून कापलेला वेळ त्यांनी नर्तकांच्या अंगात भरून ठेवला. फेला बोलत असतो, गोष्ट सांगत असतो, पोलिसांची नक्कल करत असतो, आणि त्याच्या मागे, बाजूला, वरच्या चौथऱ्यावर कुणीतरी नाचतच असते. कंबर फिरते आहे, खांदे सुटे आहेत, तळवा जमिनीला पुन्हा पुन्हा लागतो आहे. गाणे संपते, संवाद सुरू होतो, पण आवर्तन तुटत नाही. फेलाच्या तबकडीत जे काम गिटारचा तो चिवट तुकडा करतो, ते इथे पायांकडे सोपवले आहे. कानाला कमी पडलेले डोळ्यांनी भरून काढणे हा उपाय नर्तकालाच सुचावा.

पहिल्या अंकातला अफ्रोबीट, म्हणजे फेलाची संगीतशैली, समजावून सांगण्याचा प्रवेश हा माझ्या मते अलीकडच्या संगीत रंगभूमीवरचा संगीताविषयीचा सर्वांत हुशार प्रवेश आहे. फेला वादकांना थांबवतो आणि आपली लय कशी घडली ते थरांनी दाखवू लागतो. सुरुवात घरातल्या भजनापासून. हे हवेतले नाही. त्याचे आजोबा रेव्हरंड जे. जे. रॅन्सम-कुटी यांची योरुबा भाषेतली ख्रिस्ती भजने 1920 च्या दशकात झोनोफोन कंपनीने ध्वनिमुद्रित केली होती. मग घानाच्या ई. टी. मेन्सा यांचे हायलाइफ येते, पार्टीतले, गोड, झुलते. मग 1958 सालचे लंडन. डॉक्टरकी शिकायला पाठवलेला मुलगा ट्रिनिटी कॉलेजात संगीत शिकतो आणि रात्री जॅझ ऐकतो. इथे कोल्ट्रेनची धून लागते. मग चानो पोझोचा क्यूबन ताल, मग जेम्स ब्राउन. प्रत्येक थर एकेकटा ऐकला की परिचित वाटतो, उसना वाटतो. अँटिबालास या ब्रुकलिनच्या वाद्यवृंदाचे ते वादक मग हे सगळे एकत्र वाजवू लागतात आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात कधीतरी उसनेपण गळून पडते. समोर जे उरते, ते या पाचांपैकी कुणाचेच नसते. समीक्षकाने दहा पाने लिहून जे पटवले नसते, ते इथे पाच-सात मिनिटांत कानाला पटते. विद्वत्ता लपवून विद्वत्तेचे काम करणारा असा प्रवेश पाहून मला अक्षरशः टाळी द्यायला शेजारी कुणी ओळखीचे हवे होते.

त्यानंतर फेलाची भूमिका करणारा सार एन्गौजा प्रेक्षकांना उभे करतो आणि कमरेने घड्याळाचे तास वाजवायला शिकवतो. बाराला कंबर कुठे, तीनला कुठे. भारी तिकीट काढून आलेली वयस्क माणसे आधी संकोचाने, मग मोकळेपणाने हलू लागतात. ही करमणूक आहेच, पण नुसती करमणूक नाही. ज्याच्या कमरेने एकदा तो ठेका घेतला, त्याला पुढच्या प्रसंगांत तटस्थ बसता येत नाही. एन्गौजाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ही भूमिका इतकी पिळून काढणारी की केव्हिन मॅम्बो आणि तो आलटून-पालटून ती करत. तो फेलाची हुबेहूब नक्कल करत बसत नाही. फेलाचा तोरा, तो आळसावलेला उद्धटपणा, ओठांतली सिगारेट हे सगळे आहे, पण त्याने पकडली आहे ती त्याची ऐकून घेण्याची सवय. हाक द्यायची आणि उत्तर येईपर्यंत खुशाल थांबायचे. ती थांबण्याची जागा त्याच्याकडे अचूक आहे, आणि फेलाच्या कलेचा अर्धा जीव त्याच जागेत आहे.

पहिला अंक 'झोंबी'वर संपतो. 1976 सालचे हे गाणे हुकुमाचे ताबेदार झालेल्या सैनिकांची टर उडवते. जोन्स इथे नर्तकांची मोकळी अंगे एकाएकी ताठ करतात. इतका वेळ गोलाईत फिरणारी शरीरे काटकोनात मोडू लागतात, कवायतीसारखी, आणि ठेका मात्र तोच राहतो. त्याच तालावर माणूस मोकळाही नाचतो आणि यंत्रासारखाही चालतो, हे दोन्ही एका पाठोपाठ पाहिल्यावर गाण्यातली थट्टा अंगावर काटा आणते.

सैन्य ती थट्टा विसरले नाही. 18 फेब्रुवारी 1977 रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी फेलाच्या 'कलाकुटा' या वसाहतीला वेढा घातला. घर जाळले, बायकांवर अत्याचार केले आणि फेलाच्या वृद्ध आईला खिडकीतून खाली फेकले. 1978 च्या एप्रिलमध्ये ती गेली. सरकारी चौकशीने सगळा ठपका एका 'अज्ञात सैनिका'वर ठेवला. दुसऱ्या अंकात हा हल्ला येतो, तेव्हा जोन्स मारहाणीचे नाटक करत नाहीत. नाच थांबतो. संध्याकाळभर न थांबलेली ती हालचाल गोठते, स्त्रिया समोर उभ्या राहतात आणि त्यांच्यावर काय गुदरले त्याच्या जबान्या अक्षरांत उमटतात. थिएटरमध्ये ती वाचताना प्रत्येक जण एकटा होतो. ठेक्याची सवय झालेल्या शरीराला ठेका नाहीसा झाल्याचा धक्का बसतो. गाण्याला दिलेली कात्री मी या एका जागेसाठी माफ केली.

ती आई म्हणजे फुनमिलायो रॅन्सम-कुटी. ती केवळ 'फेलाची आई' नव्हती. अबेओकुटाच्या बाजारात विकणाऱ्या बायकांना संघटित करून तिने अन्याय्य कराविरुद्ध लढा उभारला. त्या लढ्यापुढे 1949 च्या जानेवारीत तिथल्या राजाला, अलाकेला, गादी सोडावी लागली. 1970 मध्ये तिला लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. नाटकात ती मृत आहे आणि तरी सगळ्यांत सजीव आहे. कथेचा धागा एवढाच: 1978 चा उन्हाळा, श्राइनमधली शेवटची रात्र, फेलाला देश सोडून जायचे आहे आणि त्यासाठी आईच्या आत्म्याची परवानगी हवी आहे. आईच्या भूमिकेतल्या लिलियस व्हाइट यांच्या तोंडी 'ट्रबल स्लीप यांगा वेक ॲम' दिले आहे, ही निवड फार मार्मिक आहे. 1972 सालचे ते गाणे गांजलेल्या गरिबाविषयी आहे. त्याला उगाच डिवचू नका, असे बजावणारे. तेच शब्द आई आपल्या मुलासाठी गाते तेव्हा डिवचणारा कोण आणि झोपलेले संकट कोणते, याची अदलाबदल होते. शब्द जराही न बदलता गाण्याचा रोख फिरतो.

पुढे फेला पूर्वजांच्या लोकात उतरून आईला भेटतो, तिथे मात्र ती 'रेन' गाते. हे गाणे फेलाचे नाही, नाटकासाठी नव्याने केलेले आहे. लिलियस व्हाइट यांचा आवाज छत उचलून धरतो, प्रेक्षक वेडे होतात. मला त्या जागी ब्रॉडवेचा हात दिसला. सूर चढत जातो, टिपेला पोहोचतो, टाळी घेतो आणि संपतो. फेलाच्या संगीतात अशी टिपेची जागा नसते, तिथे सगळे फिरत राहते. आईचा शेवटचा शब्द परक्या घाटाच्या गाण्यातून यावा, हे मला आजही खटकते.

शेवटी 'कॉफिन फॉर हेड ऑफ स्टेट'. आईची शवपेटी घेऊन फेला आणि त्याची माणसे लागोसमधल्या डोडान बरॅक्सच्या, म्हणजे लष्करी सत्तेच्या दाराशी गेली होती. मंचावर शवपेट्या येतात, एकीवर एक. आईची पेटी त्यांतली एक होऊन जाते.

नाटकाला तीन टोनी पुरस्कार मिळाले, नृत्यरचना, वेशभूषा आणि ध्वनिरचना यांसाठी, आणि ते नेमके योग्य हातांत गेले. संहितेसाठी मिळाला नाही, हेही योग्यच. कारण संहिता जिथे कमी पडते, तिथे फार कमी पडते. फेलाच्या स्त्रिया, त्याच्या 'क्वीन्स', नाटकभर अप्रतिम नाचतात, पण जबान्यांचा तो प्रसंग सोडला तर त्यांचे म्हणणे कुठे ऐकू येत नाही. लॉस एंजेलिसची सँड्रा आहे. 1969 मध्ये फेलाला माल्कम एक्सचे आत्मचरित्र वाचायला देणारी, त्याच्या राजकीय जाणिवेला आकार देणारी. सेकॉन सेंगब्लो यांनी तिला ताठ कणा दिला आहे. पण 1978 च्या फेब्रुवारीत फेलाने एकाच समारंभात ज्या 27 जणींशी लग्न केले, त्यांना त्याच्याशी काय बोलायचे होते? स्त्रीविषयी त्याची मते बुरसटलेली होती आणि ती त्याने गाण्यांतूनही मांडली. नाटक हे ओझरते करते, आणि आईची पूजा इतकी भरभरून करते की बाकीच्या बायका त्या प्रकाशात पुसल्या जातात.

कथा 1978 लाच थांबत असल्याने त्याचा मृत्यूही कक्षेबाहेर राहतो. 2 ऑगस्ट 1997 रोजी तो गेला. कारण एड्स होते, हे त्याचे भाऊ आणि माजी आरोग्यमंत्री ओलिकोये रॅन्सम-कुटी यांनी जाहीर सांगितले. फेलाने स्वतः तो आजार कधी मानला नव्हता. जोन्स स्वतः एचआयव्हीसह जगणारे कलावंत आहेत. जोडीदार आर्नी झेन यांना 1988 मध्ये त्यांनी याच आजाराने गमावले. या विषयावर रंगभूमीवर काही म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. त्यांनी ते या नाटकात म्हटले नाही. त्यांच्या निर्णयाचा आदर ठेवूनही मला वाटते की फेलाच्या हट्टाची ती काळी बाजू त्यांच्या नर्तकांच्या शरीरांतून आली असती, तर हे नाटक आणखी एका पायरीवर गेले असते.

2011 च्या जानेवारीत ब्रॉडवेवरचे प्रयोग संपले आणि एप्रिलमध्ये मंडळी थेट लागोसला गेली. खऱ्या फेलाला रात्र-रात्र ऐकलेल्या माणसांपुढे अमेरिकी नटाने फेला म्हणून उभे राहायचे, याहून कठीण परीक्षा नाही. आणि 2017 मध्ये त्याच लागोसात बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स यांनी 'फेला अँड द कलाकुटा क्वीन्स' हे संगीत नाटक उभे केले. त्याच्या केंद्रस्थानी त्या बायकाच आहेत: कुठल्या घरांतून आल्या, का आल्या, एकमेकींशी कशा भांडल्या, कशा टिकल्या. ब्रॉडवेच्या प्रयोगात नुसत्या नाचणाऱ्या त्या स्त्रियांना बोलते करण्याचे काम नायजेरियातल्याच एका बाईने हाती घेतले.