सहा प्रश्नांचं भाषण : आनंदीबाई जोशी आणि अज्ञाताची भीती



आजचा विषय आहे भीती. वाघाची, अंधाराची किंवा आजारपणाची भीती नव्हे. समाजाने लावलेल्या वळणाच्या बाहेर पाऊल टाकताना वाटते ती. मराठीत ‘वळण’ हा शब्द किती कौतुकाने येतो बघा. ‘मुलीला चांगलं वळण आहे’ असं आपण म्हणतो. ‘संस्कार’ हा शब्दही तसाच. समाज माणसाला घडवता घडवता त्याचे हातपाय बांधतो, त्या बांधण्यालाही आपल्याकडे हेच शब्द चालतात. त्यामुळे बांधलेलं कुठे संपतं आणि घडलेलं कुठे सुरू होतं, हे ओळखायचीच पंचाईत होते.

हा गुंता सोडवण्यासाठी आपण आज एक भाषण वाचणार आहोत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात, आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलल्या. कल्याणच्या मुलीचा सेरामपूरशी संबंध आला तो गोपाळरावांच्या टपाल खात्यातल्या नोकरीमुळे. आनंदीबाईंना तेव्हा अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायचं ठरलं होतं आणि गावात त्याची चर्चा चालली होती. त्या चर्चेला उत्तर म्हणून हे भाषण झालं. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ साली लिहिलेल्या चरित्रात ते छापलेलं आहे. आनंदीबाईंचं नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं, पण हे भाषण फार थोड्यांनी वाचलंय. आमच्या मते हे वाचायचं राहून गेल्यामुळे आपलं बरंच नुकसान झालं आहे.

भाषणाची रचना साधी आहे. लोक आपल्याला जे विचारतात, त्याचे बाईंनी सहा प्रश्न केले. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर मला जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिथे काही बरंवाईट झालं तर काय करणार? आणि शेवटचा, आजवर कुठल्याही बाईने जे केलं नाही ते मीच का करावं?

आता या यादीकडे जरा टीकाकाराच्या नजरेने पाहू. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याची ताकद त्याच्या मोघमपणात असते. कोणते लोक, काय म्हणतील, आणि म्हटलं तर पुढे काय होईल, हे त्यात कधीच सांगितलेलं नसतं. धुक्याशी भांडता येत नाही, तसं या वाक्याशीही भांडता येत नाही. आनंदीबाईंनी त्या धुक्याचे सहा तुकडे केले. तुकडे केल्याबरोबर कळतं की तिसरा प्रश्न पैशांचा आणि घरच्या जबाबदाऱ्यांचा आहे, पाचवा आजारपणाचा आहे, चौथा जातीचा आहे. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एकटी का जाते, तर दोघांच्या खर्चाइतके पैसे नाहीत आणि गोपाळरावांवर घरची माणसं अवलंबून आहेत. झालं उत्तर! यात शौर्याचा आव कुठेही नाही. भीती घालवायची म्हणजे छाती पुढे काढून गर्जना करायची, अशी आपली समजूत असते. इथे एक मुलगी हिशेबाची वही उघडून बसावं तशी एकेक रक्कम तपासते आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इथे सोय नाही का? त्या सांगतात, मद्रासला एक कॉलेज आहे, इतरत्र सुईणपणाचे वर्ग आहेत, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे. हे झालं ठरीव कारण. मग त्या रस्त्याबद्दल बोलू लागतात. आपण बाहेर पडलो की लोक भोवती जमतात, ओट्या-व्हरांड्यांत बसलेली प्रतिष्ठित माणसं टवाळी करतात, खडे मारतात, दुकानदार बघून थुंकतात. आणि हे त्या कुठे सांगतायत? त्याच गावच्या सभेत, त्याच माणसांपुढे!

इथे अज्ञाताच्या भीतीचा सगळा मामलाच उलटा होतो. आपण समजतो, त्या काळी समुद्र ओलांडणं म्हणजे अज्ञातात उडी. होतंच ते. ७ एप्रिल १८८३ ला मिशनरी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघून त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. पण हे भाषण वाचताना लक्षात येतं, की बाईंना सतावणारं जे काही होतं ते नीट माहितीतलं होतं, रोज दारात भेटणारं होतं. अमेरिका अज्ञात होती, खडे मारणारी माणसं मात्र ओळखीची होती. अज्ञाताची भीती घालणारे बहुधा ज्ञाताचे पहारेकरी असतात, असा आमचा या भाषणावरून निघणारा पहिला निष्कर्ष आहे.

याचा पडताळा पुण्यात मिळतो. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसताच कप पुढे ठेवला. पुढे हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. लोकमान्य टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आता सांगा, इथे समुद्र होता का? बोट होती का? आपलंच गाव, आपलीच आळी आणि एक कप चहा. तरी रानड्यांसारख्या माणसाला वाकावं लागलं. आणि ही नावं उघड करणारे गृहस्थ कोण? गोपाळ विनायक जोशी. आनंदीबाईंचे यजमान! बाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुधारकांची परीक्षा घ्यायची त्यांना भारी हौस. पण चहाच्या कपाने जे उघडं पडलं ते भाषणात आधीच आलेलं होतं. माणूस घाबरतो तो शेजाऱ्याला.

आता चौथा प्रश्न. जातीबाहेर टाकतील, त्याचं काय? बाईंचं उत्तर असं, की याची मला मुळीच भीती वाटत नाही. मी इथे जशी राहते तशीच तिथे राहीन, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मग बाहेर टाकायचं कशासाठी?

या उत्तरावर आजचा वाचक अडतो. ही कसली मुक्ती, असं कुणीही विचारील. एक बंधन तोडण्यासाठी बाकीची सगळी बंधनं पाळायचं वचन द्यायचं? आक्षेप खोटा नाही. या वचनाची किंमत बाईंनी फिलाडेल्फियाच्या थंडीत, शाकाहारी जेवणावर, बिघडत चाललेल्या तब्येतीने मोजली. त्याच सुमाराला इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्येच बाप्तिस्मा घेतला आणि दुसरी वाट धरली. दोघी नात्यातल्या. १८८६ च्या पदवीदानाला रमाबाई फिलाडेल्फियाला हजर होत्या. एकीला निष्ठावान आणि दुसरीला बंडखोर म्हणून मोकळं होणं आपल्याला सोपं जातं.

पण जरा थांबा. बाईंच्या उत्तरात एक बारीक चलाखी आहे. समुद्र ओलांडणं आणि धर्म सोडणं या दोन गोष्टी लोकांनी एकत्र बांधल्या होत्या. बाईंनी ती गाठ सोडली. जाणं वेगळं, बाटणं वेगळं. वळण मोडायचं म्हणजे सगळंच मोडायचं, अशी धास्ती समाज घालतो, आणि गंमत म्हणजे पुष्कळ बंडखोरांनाही ते पटलेलं असतं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आपण निवडू शकतो, ही शक्यता दोघांनाही दिसत नाही. अमेरिकेत गेल्यावर नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडी सोसत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण बदललं. एवढ्याशा बदलात एक स्वतंत्र डोकं चाललेलं दिसतं.

इथवर आपण भाषणाचं कौतुक केलं. आता त्यात काय नाही ते पाहू. सहा प्रश्नांत एक सातवा प्रश्न नाही. जायचं कुणी ठरवलं?

गोपाळरावांनी बायकोला शिकवायचा ध्यास घेतला होता, हे आपल्याला माहीत आहे. तो ध्यास कसा होता हे बाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहिलं. मीरा कोसंबींच्या अभ्यासामुळे ते पत्र आज बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सगळं त्यात आहे. तुम्ही चांगलं वागलात की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असंही त्या लिहितात. म्हणजे ज्या हाताने दार उघडलं त्याच हाताचा धाकही होता. बायकोने चूल सांभाळावी हे जुनं वळण. बायकोने नवऱ्याच्या इच्छेप्रमाणे शिकलंच पाहिजे हे नवं. आज्ञा बदलली, आज्ञा देणारा तोच राहिला.

आमची खरी तक्रार इथे आपल्या साहित्याशी आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीबद्दल लिहिलेलं ते फार मोलाचं पुस्तक आहे. पण मराठी मनात बसली ती श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ ची कादंबरी, पुढे तिचं नाटक आणि २०१९ चा त्याच नावाचा चित्रपट. कादंबरीने आनंदीबाईंना घराघरांत नेलं, हे तिचं ऋण मान्य केलंच पाहिजे. गोपाळरावांचा संताप तिने लपवलाही नाही. तरी गोष्टीचा तोल सरकतो तो त्यांच्या हट्टाकडे. एक विक्षिप्त नवरा, त्याचा अचाट निश्चय आणि त्या निश्चयातून घडलेली बायको! वाचक हळवा होतो आणि पत्रातला तो प्रश्न, चांगलं की वाईट, सुटल्यासारखा वाटतो. बाईंनी तो सोडवला नव्हता. मग आपण इतक्या घाईने का सोडवायचा?

हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपलेला नाही. आजही मुलींना, मुलांनाही, ‘धाडस कर’ असं सांगणारे घरात असतात. कोणतं धाडस, कोणत्या देशात, कोणत्या शाखेत, हे मात्र आधीच ठरलेलं असतं. परवानगीने केलेलं धाडस निरुपयोगी असतं असं आम्ही म्हणत नाही. त्याने दारं उघडतात. पण दार उघडल्यावर आत जाणाऱ्याचं स्वतःचं मत तयार झालं का, हे विचारायला हवं. आनंदीबाईंचं झालं. नवऱ्याने सुरू केलेल्या गोष्टीला सेरामपूरच्या व्यासपीठावर त्यांनी स्वतःची कारणं दिली. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि ते काम मी करीन, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं स्वतःचं आहे.

उरला सहावा प्रश्न. कुणी केलं नाही ते मीच का? बाकी पाच भीती परिणामांच्या आहेत, ही पहिलं असण्याची आहे. आधी कुणीतरी गेलेलं असलं की वाट दिसते. बाई म्हणतात, व्यक्तीच्या कामावर समाजाचा हक्क आहे. जे सगळ्यांच्या भल्याचं, ते प्रत्येकाने करून पाहावं. अपयशाच्या भीतीने कर्तव्य सोडणं बरोबर नाही, जिंकू की बळी जाऊ हा हिशेब नंतरचा. ज्या समाजाच्या नावाने भीती घातली जात होती, त्याच समाजाच्या नावाने त्यांनी जाण्याचं समर्थन केलं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. मार्च १८८६ मध्ये पदवी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक, आणि ती जागा हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीस वर्षंही पुरी नव्हती. निकालाच्या मापाने मोजलं तर हा अपुरा राहिलेला प्रयत्न. पण त्यांनी स्वतःचं माप चार वर्षं आधीच जाहीर केलं होतं, आणि त्यांना त्याच मापाने मोजणं न्यायाचं होईल.

तेव्हा मंडळी, जाताना एवढंच करा. तुम्हांला ज्या पावलाची भीती वाटते, तिचे प्रश्न कागदावर लिहून काढा. नावं घालून, रकमा घालून लिहा. पुष्कळसे प्रश्न तिथेच लहान होतील. आणि आनंदीबाईंना त्या दिवशी भरसभेत विचारता आला नाही, तो सातवा प्रश्नही खाली लिहा. हे कोण ठरवतंय?