'ऑरगॅनिक' चादर आणि एक चुकीचं 'म्हणून'

परवा मावसबहिणीने बाळाच्या बेडिंग सेटचा फोटो पाठवला. सातवा महिना सुरू आहे तिला. "तू कापडाच्या रसायनांवरच पीएचडी करतेस ना, मग सांग, घेऊ का?" सेटमध्ये चादर, रजई, मोहरीची उशी आणि पाळण्याच्या कडांना बांधायचे जाड लोड. वर छापलेलं: 'कीटकनाशकमुक्त सेंद्रिय कापूस, म्हणून बाळासाठी सुरक्षित.'

मला खटकलं ते 'म्हणून'.

सूत विणून झालं की कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, ब्लीच करतात, पुन्हापुन्हा धुतात. पऱ्हाटीवर झालेल्या फवारणीचा अंश यात बहुतेक निघून जातो. बाळाच्या कातडीला लागतं ते त्यानंतर आलेलं: रंग, आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून चढवलेलं, फॉर्माल्डिहाइड सोडणारं रेझिन. कापूस सेंद्रिय शेतातला असला तरी हे कारखान्यात चढू शकतं. म्हणजे लेबल शेताबद्दल बोलतंय आणि तुम्ही ते कापडाबद्दल समजताय.

दोन्हींबद्दल बोलणारं प्रमाणपत्र आहे, 'गॉट्स'. 'ऑरगॅनिक' म्हणायला त्यात किमान 95 टक्के धागा सेंद्रिय लागतो, शिवाय रंग-रसायनांवर मर्यादा. 'ओएको-टेक्स 100' फक्त तयार कापड तपासतं. त्यातला पहिला वर्ग तान्ह्या बाळांसाठी, सगळ्यात कडक. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. 2020 मध्ये गॉट्सनेच भारतातला 20,000 टन 'सेंद्रिय' कापूस खोट्या दाखल्यांवर विकल्याचं उघड केलं होतं. परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

मग सेंद्रिय कापूस फुकट का? अजिबात नाही. फक्त त्याचा मोठा फायदा बाळाला नाही, फवारणाऱ्याला होतो. देशात कापसाखालच्या 90 टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी आहे, तरी फवारणी थांबलेली नाही. 2017 मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली. सेंद्रिय घ्यायचं तर त्यांच्यासाठी घ्या. हे कारण जाहिरातीत कधीच नसतं.

आता खरा धोका. तो कापसात नाहीच, सेटच्या उरलेल्या वस्तूंत आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2022 चा सल्ला साधा आहे: वर्षाखालच्या बाळाला उताणं, टणक सपाट गादीवर, घट्ट बसणाऱ्या चादरीवर झोपवा, बाकी काही नको. उशी, रजई, लोड यांनी बाळ गुदमरू शकतं. अमेरिकेत असे जाड लोड विकायला त्याच वर्षी कायद्याने बंदी आली. उशी सेंद्रिय असली तरी उशीच. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, आणि बाळ जास्त तापणं हाही झोपेतला धोकाच.

म्हणून बहिणीला सांगितलं, सेट राहू दे. दोन-तीन साध्या सुती चादरी घे. सेंद्रियच हवी तर वर्ध्यातच मगन संग्रहालयात सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मिळते. किंवा आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घे आणि चारी बाजूंना इलॅस्टिक लावून शिव. इतक्या धुण्यांत जे निघायचं ते निघून गेलेलं असतं. नवं कापड मात्र वापरण्याआधी दोनदा धू.

तिचा प्रश्न आला, "आणि मोहरीची उशी? आईने आधीच शिवून ठेवलीय."

त्यावर मावशीशी बोलणं बाकी आहे. ते पीएचडीपेक्षा अवघड जाणार.