पंगतीत कोण बसले?

डिसेंबर उजाडला की आपल्या समाजातील नियतकालिकांचे नाताळ विशेषांक, धर्मग्रामांच्या स्मरणिका आणि युवकांची भित्तिपत्रके यांतून नाताळच्या कथांना बहर येतो. त्यांपैकी पुष्कळशा कथा आम्ही दरवर्षी आवडीने वाचतो. त्या बहुतेकींमध्ये एक गोष्ट समान आढळते. कथेत कोठे तरी जेवण असते. परगावी गेलेला मुलगा परततो, रुसलेले भाऊ बोलू लागतात, आजारी आजी उशीला टेकून उठून बसते आणि अखेरीस सारे कुटुंब ताटावर बसते. आईच्या हातच्या करंजीला जगात तोड नसते आणि तेथेच कथा संपते. या जेवणाकडे साहित्य म्हणून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही एकच साधा प्रश्न हाती घेतला आहे: पंगतीत कोण बसले आणि कोण उभे राहिले?

प्रश्न साधा असला तरी क्षुल्लक नाही. प्रभू येशूवर शास्त्री-परुश्यांनी घेतलेला एक मोठा आक्षेप जेवणाविषयीचाच होता. पापी जनांना जवळ करून तो त्यांच्या पंक्तीस बसतो, ही त्यांची तक्रार संत लूक नोंदवून ठेवतो. संत पौलाने अंत्युखियात संत पेत्राला तोंडावर बोल लावला, तोही परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून पेत्र उठून गेला म्हणून. तेव्हा जेवणाचे वर्णन करणारा ख्रिस्ती लेखक, त्याला ठाऊक असो वा नसो, एका अतिशय जुन्या वादात पाऊल टाकत असतो.

नाताळच्या आधुनिक कथेचा उगम ज्या एका पुस्तकाकडे सहज दाखवला जातो, ते चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील क्रॅचिट कुटुंबाचे जेवण जगभर गाजले. परंतु आपल्या कथाकारांनी त्या प्रसंगातून घेतले काय? भाजलेला पक्षी, पुडिंग, खिडकीबाहेरचा बर्फ. डिकन्सचे सामर्थ्य या पदार्थांत नाही. क्रॅचिटांच्या घरी भट्टी नाही, म्हणून त्यांचे हंस बेकरीवाल्याकडे भाजायला गेलेले असते आणि मुले ते आणायला धावतात. थोरली मुलगी टोप्या शिवण्याच्या दुकानातील कामावरून उशिरा येते. पुडिंग नीट झाले असेल ना, या धास्तीने आई एकटीच ते आणायला जाते. एवढ्या माणसांना ते लहान आहे, हे प्रत्येकाला दिसते आणि कोणीही बोलत नाही. खुर्च्या मात्र सर्वांसाठी मांडलेल्या आहेत. त्या घरात उभे राहिलेले कोणी नाही. कथेच्या शेवटी उभा राहतो तो श्रीमंत स्क्रूज. भाच्याच्या दाराशी जाऊन ‘आत येऊ का?’ असे त्याला विचारावे लागते. गरिबाला दान मिळाले, एवढ्यावर ती कथा थांबत नाही. श्रीमंतालाही पंगतीत जागा मागावी लागते, येथे तिचा खरा शेवट आहे.

बेकरीत भाजायला गेलेले ते हंस छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या शहरात रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे, समोर नानकटाईचे पत्रे भरून घ्यायचे आणि डबे डोक्याएवढे उंच रचून घरी आणायचे, ही रीत अनेक कुटुंबांनी पाळली आहे. भट्टीपाशी उभा असलेला कारागीर बहुधा मुसलमान. आपल्या नाताळच्या गोडाला असा दुसऱ्या धर्माच्या माणसाचा हात आणि त्याच्या भट्टीची ऊब लाभलेली असते. डिकन्सला जे आपल्या गल्लीत दिसले, ते आपल्याला आपल्या गल्लीत दिसत नाही. आपल्या कथांत बर्फ पडतो आणि नानकटाईची रांग नसते. नाताळच्या सुट्टीत वैजापूर-गंगापूरकडे गेलेल्या मुलांच्या हाती शेतात येणारा गरम हुरडाही त्यांत नसतो.

दुसरी कलाकृती आपल्यातील काहींनी पडद्यावर पाहिली असेल. डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन यांच्या कथेवर गॅब्रिएल आक्सेल यांनी १९८७ साली ‘बॅबेट्स फीस्ट’ हा चित्रपट केला आणि त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १८७१ सालच्या पॅरिसमधील रक्तपातातून जीव वाचवून आलेली बॅबेट दोन वृद्ध प्रॉटेस्टंट बहिणींच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहते. चवीने खाणे हेच पाप, अशी त्या छोट्या मंडळीची समजूत. पुढे बॅबेटला दहा हजार फ्रँकची सोडत लागते. बहिणींच्या वडिलांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, म्हणजे १५ डिसेंबरला, ती बारा जणांना जेवण देते आणि त्यात ती सारी रक्कम खर्च करते. अन्नाविषयी अवाक्षर काढायचे नाही, असा पण करून बसलेले पाहुणे हळूहळू मऊ होतात. वर्षानुवर्षांची भांडणे विरघळतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेटिशिया’ या कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात या चित्रपटाचा आवर्जून उल्लेख केला. दुसऱ्याला आनंद देण्यातला आनंद कसा असतो, हे त्यांना त्यातून सांगायचे होते.

हा उल्लेख आपल्या प्रवचनांतही येतो आणि यावा. परंतु आमच्या प्रश्नाने पाहिले तर चित्रपटात आणखी एक गोष्ट दिसते. बॅबेट त्या पंगतीत बसत नाही. पाहुणे ताऱ्यांखाली हातात हात घालून फेर धरतात, तेव्हा ती स्वयंपाकघरात खरकट्या भांड्यांच्या ढिगात थकून बसलेली असते. कलाकृतीचे मोठेपण असे की तिने हे झाकलेले नाही. दोघी बहिणी पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात जातात. बॅबेट कोण होती आणि तिने काय खर्चिले, हे त्यांना तेथे कळते. कृपेचा क्षण जेवणाच्या मेजावर येऊन गेला असला तरी त्याची पूर्तता चुलीपाशी होते.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी ख्रिस्ती साहित्याला स्वयंपाकघर माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय लक्ष्मीबाई टिळकांनी ठेवलेली नाही. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, परंतु हा ग्रंथ साऱ्या मराठीचा आहे. त्यात वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही आणि त्या धुण्यापायी घरातील बायकांच्या जिवाचे हाल. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी दुरावली आणि काही वर्षांनी परत आली, तीही आपले सोवळे सांभाळीत. एका संसारात दोन चुली. अखेर बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने, या बाईंनी जातिभेद टाकला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. मराठीतील धर्मांतराचे सर्वांत प्रामाणिक चित्र हेच, असे आमचे मत आहे, कारण ते वादविवादात घडत नाही. ते पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी घडते. शिवाय ते सांगताना लक्ष्मीबाई स्वतःला हसू शकतात.

लक्ष्मीबाईंचा प्रवास मात्र पंगतीत आधीच बसलेल्या बाईचा होता. तिने बाजूला सरकून इतरांना जागा दिली. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील किती कुटुंबांचा प्रवास तेथून सुरू होतो? हा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, परंतु खेड्यांतील श्रद्धेचे मूळ त्याहून पुष्कळ जुने आहे आणि ती स्वीकारणाऱ्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्याच्या सणाची पंगत उठेपर्यंत दूर उभे राहायचे आणि मग उरलेले पदरात घ्यायचे, हे ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी सोसले, त्यांच्या घरी आज नाताळची पंगत बसते. ‘पंगतीत कोण बसले?’ या प्रश्नाला एवढे वजन आपल्याइतके क्वचितच कोणाच्या इतिहासात असेल.

या इतिहासाचे अन्न कोणी लिहिले? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ २०१५ साली लिहिला. मराठवाड्यातील महार आणि मांग या दोन समाजांत काय शिजे, कसे शिजे आणि का तसेच शिजे, याची ही नोंद आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्या संस्कृतीला शीर्षकातील एका ‘अ’नेच लेखक थांबवतो. ग्रंथ ख्रिस्ती लेखनाच्या परंपरेतला नाही आणि नाताळाशी त्याचा संबंध नाही. तरीही आपल्या कथाकारांनी तो वाचावा, अशी आमची शिफारस आहे. गरिबीच्या स्वयंपाकाला लाज किंवा कीव या दोन्ही गोष्टी न चिकटवता कसे लिहावे, हे तेथे शिकता येते. आपल्या नाताळ-कथांतील आजीला करंजी करताना सर्वांनी पाहिले आहे. ती लहान असताना तिच्या घरी नाताळला काय शिजे, हे मात्र कोणताही कथाकार तिला विचारत नाही.

वर्तमानातही एक दृश्य आहे, ज्याची कथा आम्हांला अजून वाचायला मिळालेली नाही. नाताळच्या दिवशी शेजाऱ्यांकडे ताट पाठवण्याची आपली जुनी प्रथा. शेव, चकली, शंकरपाळे, करंजी, लाडू. दिवाळीला आलेल्या ताटाचीच ही परतफेड. अलीकडे मात्र त्या ताटाऐवजी दुकानातला केक खोक्यातून जाताना दिसतो. सवड नाही, हे त्याचे एक कारण आणि ते खरेही आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतील पाळ्या सांभाळून घर चालवणाऱ्यांना ते सांगावे लागू नये. पण दुसरेही एक कारण असू शकते, असे आम्हांला वाटते. खोक्याला स्वयंपाकघर नसते. घरचे ताट पाठवले की ते आवडीने खाल्ले गेले, की गोड हसून घेऊन बाजूला ठेवले गेले, हा प्रश्न पाठवणाऱ्याच्या मनात उरतो. खोके हा प्रश्न उपस्थितच होऊ देत नाही. ज्या घरी ताट उघडून, त्यातील चकली मोडून, ‘वहिनी, छान झाली आहे’ असे म्हणणारी शेजारीण आहे, तेथे नाताळचा एक चमत्कार घडत असतो. जेथे ती नाही, तेथे एक मुकी वेदना असते. आपले कथाकार चमत्कारही लिहीत नाहीत आणि वेदनाही लिहीत नाहीत. ते केकवरची मेणबत्ती लिहितात.

तीच गोष्ट घरातल्या आईची. आमच्या वाचनातील बहुतेक कथांत तिच्या हाताला चव आहे, पण तिला बसायला पाट नाही. आगमनकाळाच्या अखेरच्या आठवड्यात ती तळणापुढे असते. नाताळच्या रात्री सारे घर नव्या कपड्यांत मिस्साला निघते, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याचे वाटण तिच्याचकडे असते. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेल्या भाकरीवर ती जेवते. आपल्या कथा याला ‘मातेचा त्याग’ म्हणतात आणि पुढे जातात. त्याग हा थोर शब्द आहे, म्हणूनच तो आळसाने वापरू नये. जो त्याग कोणी मागितलेला नाही आणि कोणाच्या ध्यानातही आला नाही, त्याचे गुणगान करणे म्हणजे तो असाच चालू राहावा अशी व्यवस्था करणे होय. चित्रपटातील दोघी बहिणी निदान स्वयंपाकघरात गेल्या तरी होत्या.

सणाच्या कथेत आनंद असावा, तेथे जातीचे आणि कष्टाचे विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. आनंद असावा, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु डिकन्सची कथा आनंदाचीच आहे आणि तीत लहान पुडिंग आहे. लक्ष्मीबाईंइतके हसवणारे लेखन मराठीत थोडे आहे आणि त्यात सोवळ्याची सारी यातना आहे. दुःख वगळल्याने कथा आनंदी होत नाही, ती केवळ हलकी होते. नाताळची मूळ कथाच मुळी ज्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही अशा कुटुंबाची आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा सांगतात. त्या भाकरीच्या घरी बाळाला ठेवले ते गुरांच्या चाऱ्याच्या गव्हाणीत.

आमच्या तरुण लेखकांकडे म्हणून एकच मागणे आहे. येत्या नाताळच्या कथेत जेवण जरूर येऊ द्या, पण लिहिण्यापूर्वी पाट मोजा. कोणासाठी मांडला, कोणासाठी नाही, आणि जो उभा आहे तो का उभा आहे, हे पाहा. संत लूकच्या शुभवर्तमानात एक विलक्षण धनी आहे. रात्री उशिरा घरी परतल्यावर जागे असलेले चाकर पाहून तो स्वतःच कंबर बांधतो, त्यांना पंक्तीस बसवतो आणि वाढू लागतो. पुनरुत्थित प्रभूनेही तिबिर्याच्या किनाऱ्यावर निखारे पेटवून, मासळी भाजून, रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारी दिल्याचे संत योहान सांगतो. वाढणाऱ्यांना बसवणारी आणि बसलेल्यांना वाढायला उठवणारी अशी एक तरी कथा छावणीच्या, वैजापूरच्या किंवा वाळूजच्या एखाद्या घरातून मराठीत यावी. तिच्यात केक असला काय आणि नसला काय, ती नाताळचीच कथा असेल.