सहा ओळींतली दुसरी ओळ

1986च्या जूनमध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकातल्या जॉन बेंटली यांच्या सदरात एक प्रोग्राम आणि त्याचं परीक्षण सोबतच छापून आलं. प्रोग्राम डोनाल्ड कनूथ यांचा, परीक्षण डग मॅकिलरॉय यांचं. काम ऐकायला सोपं होतं: एखादा मजकूर घ्या आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेले शब्द कोणते, ते किती वेळा आले, हे सांगा. कनूथनी ते पानंच्या पानं लिहून, कोड आणि गद्य एकमेकांत विणून केलं. मॅकिलरॉयनी त्या कारागिरीचं मनापासून कौतुक केलं आणि मग तेच काम युनिक्सच्या सहा आज्ञा एकापुढे एक जोडून करून दाखवलं. कादंबरीचं परीक्षण लिहिताना समीक्षकाने तीच कादंबरी सहा ओळींत लिहून द्यावी, तसा हा प्रकार.

तेव्हापासून प्रोग्रामर मंडळी हा किस्सा सांगत आली आहेत. वाद बहुतेक वेळा ऐसपैस विरुद्ध आटोपशीर असा रंगतो. मी वाचलेल्या चर्चांमध्ये त्या सहांपैकी दुसऱ्या ओळीपाशी मात्र कुणी थांबलेलं दिसत नाही. मला ती ओळ सगळ्यात जास्त बोलकी वाटते.

पहिली ओळ, जे इंग्रजी अक्षर नाही त्या सगळ्याच्या जागी नवी ओळ घालते, म्हणजे शब्द एकाखाली एक येतात. तिसरी ते सहावी ओळ शब्द लावते, मोजते, मोठ्या आकड्यापासून पुन्हा लावते आणि हवे तेवढे वरचे ठेवून थांबते. दुसरी ओळ म्हणजे ‘टीआर’ ही आज्ञा आणि तिला दिलेले दोन पट्टे: कॅपिटल ए ते झेड, स्मॉल ए ते झेड. पहिल्या पट्ट्यातलं अक्षर दिसलं की दुसऱ्यातलं त्याच क्रमाचं अक्षर ठेवायचं, बस. वाक्याच्या सुरुवातीचा ‘द’ आणि मधला ‘द’ हे दोन वेगळे शब्द मोजले जाऊ नयेत, एवढ्यासाठी ती आहे. मॅकिलरॉयनी या ओळीचा खुलासा करताना जे क्रियापद वापरलं, त्याचा मराठी अर्थ होतो ‘लिप्यंतर करणे’. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

ही आज्ञा इतकी स्वस्त का, याचं कारण आकड्यांत आहे. आस्कीमध्ये कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97. पुढेही प्रत्येक जोडीत 32चाच फरक, म्हणजे एका बिटचा. स्मॉल अक्षरं त्या तक्त्यात नीट आली ती 1967च्या आवृत्तीत. युनिक्सच्या सुरुवातीला वापरात असलेलं मॉडेल 33 टेलिटाइप तर फक्त कॅपिटलच छापायचं. त्यामुळे कुणी कॅपिटलमध्ये नाव टाकून लॉगिन केलं, की युनिक्स समजायचं, समोर बिचारं जुनं यंत्र आहे, आणि आत येणारा मजकूर स्वतःच स्मॉल करून घ्यायचं. लिनक्सच्या ‘एसटीटीवाय’ आज्ञेत त्या काळची बटणं अजून आहेत. थोडक्यात, अक्षराचं लहानमोठेपण ही इथे भाषेची बाब नव्हतीच. ती यंत्राची बाब होती आणि बेरीज-वजाबाकीने भागत होती.

इंग्रजीपुरतं ते भागतंही. जर्मनमध्ये ते अडतं. तिथलं ‘एसझेट’ हे अक्षर कॅपिटल करताना परंपरेने दोन एस होतं. त्यामुळे ‘मापं’ आणि ‘वस्तुमान’ या अर्थांचे दोन वेगळे शब्द कॅपिटलमध्ये अगदी सारखे दिसतात, आणि परत स्मॉल केले तर कुठला कुठला होता ते कळत नाही. या अक्षराला स्वतःचं कॅपिटल रूप युनिकोडमध्ये 2008 साली आणि अधिकृत जर्मन शुद्धलेखनात 2017 साली मिळालं. तुर्कीत टिंबवाला आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, दोघांनाही आपापली कॅपिटल रूपं आहेत. इंग्रजी वळणाची आज्ञा तुर्की मजकुरावर चालवली, की बिनटिंबाच्या कॅपिटल आयला खाली उतरताना टिंब चिकटतं आणि ‘माळरान’ या अर्थाच्या शब्दाचा ‘मळ’ होतो.

यावर उपाय म्हणून पुढची हत्यारं हुशार झाली. पर्ल, पायथॉन, ग्नू सेड, 2009च्या चौथ्या आवृत्तीपासून बॅश: सगळ्यांकडे ‘कॅपिटल करा’, ‘स्मॉल करा’ अशी सोय आहे, पट्टे लिहायची गरज नाही. इथे माझं मत जरा उलट आहे. ‘टीआर’ अडाणी आहे, ग्नूच्या टीआरला तर एका बाइटपलीकडचं अक्षर अजून धड हाताळता येत नाही, पण ती आपला अडाणीपणा उघड लिहून दाखवते. मी फक्त या सव्वीस अक्षरांना हात लावणार, असं ती ओळच म्हणते. हुशार हत्यारांत हा निर्णय कुठे तरी आत गेलेला असतो. कधी युनिकोडच्या तक्त्यात, कधी ‘लोकेल’ नावाच्या सेटिंगमध्ये, आणि मग तीच फाइल माझ्या संगणकावर एक उत्तर देते आणि तुमच्या संगणकावर दुसरं. मॅकिलरॉयचा मुद्दा होता की तयार हत्यारं पुन्हा पुन्हा वापरा. मान्य. पण तयार हत्याराबरोबर त्याचं मतही घरात येतं, आणि ‘कोणते दोन शब्द एकच?’ याबद्दल त्याचं मत पक्कं असतं.

आता मराठीकडे येऊ. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही. त्यासाठी इंग्रजीत असलेला ‘केस’ हा शब्द आला छापखान्यातल्या खिळ्यांच्या खणांवरून. गंमत म्हणजे इंग्रजी व्याकरणात विभक्तीलाही ‘केस’च म्हणतात, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. तर या सहा ओळी देवनागरी मजकुरावर चालवल्या तर काय होईल? दुसऱ्या ओळीपर्यंत काही पोचतच नाही. पहिल्या ओळीच्या लेखी मराठीतलं एकही अक्षर अक्षर नाही. अख्खी ज्ञानेश्वरी घातलीत तरी उत्तर येईल: एक रिकामा शब्द, एकदा. अलीकडची हत्यारं फार पुढे गेली आहेत असंही नाही. पायथॉनसोबत येणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दात येणारं अक्षर’ या खुणेत वेलांट्या बसत नाहीत, ‘किती’चे ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे पडतात.

खरी इजा होते ती रोमन लिपीत टंकलेल्या मराठीला. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्या अनेकांनी अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धती वापरल्या. आयट्रान्समध्ये स्मॉल टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट. तसंच द-ड, न-ण, ल-ळ. स्मॉल ए म्हणजे अ आणि कॅपिटल ए म्हणजे आ. म्हणजे कॅपिटल इथे सजावट नाही, ते वेगळं अक्षर आहे. एका परिचितांनी त्यांच्या आईच्या तोंडच्या ओव्या नव्वदच्या दशकात अशाच टंकून ठेवल्या होत्या. पुढे कुणी तरी फाइल ‘स्वच्छ’ करताना सगळं स्मॉल करून टाकलं, आणि मूळ प्रत उरली नाही. ती फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात कला, कळा, काला आणि काळा हे चारही शब्द एकाच रूपात उभे होते, आणि नियमाने वाचायचं तर त्या रूपाचा उच्चार पाचवाच होतो: कल. वाट आणि वात एक, माळ आणि माल एक. ज्यांनी आ साठी दोनदा ए टंकला त्यांचे काने तरी वाचले असते. इथे तेही नव्हतं. जात्यावरच्या ओवीत ‘काळा’ की ‘कळा’ हे पुष्कळदा संदर्भाने कळतं. दोनतीन ठिकाणी दोन्ही बसतात, आणि विचारायला ती बाई आता नाही.

लिप्यंतर हा शब्द इथे लागतो. दुसरी ओळ खरोखरच लिप्यंतर करते, फक्त ते एका दिशेने होतं. परतीचा रस्ता तिने ठेवलेला नाही.

मग आपल्याला दुसरी ओळ नकोच का? असं म्हणणारे भेटतात: देवनागरीत केस नाही, पायरी गाळा. मला हे पटत नाही. ‘कोणते दोन शब्द एकच?’ हा प्रश्न मराठीत उलट जास्त बिकट आहे. ‘ॲप’मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो, सुटं अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडही त्यांना समान मानत नाही. अंत आणि अन्त आहेत. घर, घरात, घराला यांना एक मोजायचं की तीन, हा तर विभक्तीचा प्रश्न, एका ओळीत न मावणारा. शिवाय आपण स्वतःही अशी एक आज्ञा चालवून बसलो आहोत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962 साली आले, 1972 साली त्यांत भर पडून ते अठरा झाले, आणि व्युत्पत्तीने आलेले अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी माणसाचं ‘नांव’ आणि पाण्यातली ‘नाव’ लिहिताना वेगळी होती. त्या बदलाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी स्वतः नव्या नियमांनीच लिहितो. पण तो कागदावरचा बदल होता, जुनी पुस्तकं कपाटात तशीच राहिली. जुन्या पुस्तकांच्या संगणकीय प्रती करताना सगळे टिंब एका आज्ञेने उडवले, तर कपाटातली प्रतही बदलल्यासारखं होतं.

जुन्या मराठी गद्यातले शब्द मोजण्यासाठी मी जी ओळ वापरतो, तिच्यात सध्या तीन बदल आहेत, तिन्ही उघड लिहिलेले: दोन्ही ॲ एक, अदृश्य जोडचिन्हं बाहेर, आणि परसवर्णाच्या जागी अनुस्वार. ती मूळ फाइलला हात लावत नाही, निकाल दुसऱ्या फाइलमध्ये टाकते. ‘नांव’ आणि ‘नाव’ अजून वेगवेगळे मोजले जातात.