'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधील शाळा आणि शाळेबाहेरची मुले

हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) ही कादंबरी वर्गात अभ्यासली जाते तेव्हा विवेचनाचा सारा रोख न्यायालयातील प्रसंगावर असतो. निरपराध कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनचा बचाव करणारा वकील अॅटिकस फिंच नायक ठरतो आणि त्याचे स्वभावचित्रण पाठ केले की अभ्यास संपतो. मात्र या कादंबरीची निवेदक स्काउट ही शाळकरी मुलगी आहे. त्यामुळे मेकॉम्ब गावातील अन्यायाचा शोध शाळेपासूनही घेता येतो.

स्काउटला शाळेच्या पहिल्याच दिवशी बोलणी बसतात. कारण तिला आधीच लिहिता-वाचता येते. तिला लिहायला शिकविले ते घरच्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीने, कॅल्पर्नियाने. कॅल्पर्नियाच्या मुलाच्या, झीबोच्या वाट्याला मात्र शाळा आलीच नाही. बायबल आणि ब्लॅकस्टोनचा कायद्यावरील ग्रंथ यांवरून तिने त्याला घरीच अक्षरओळख करून दिली. त्यांच्या चर्चमध्ये वाचता येणारी माणसे अवघी चार. म्हणून झीबो एकेक ओळ वाचतो आणि बाकीचे ती मागून गातात. गोऱ्या मुलीला अक्षर देणाऱ्या बाईच्या मुलाला शाळा नाही, ही विसंगती लेखिका कोणतेही भाष्य न करता मांडते. न्यायालयातील दीर्घ भाषणापेक्षा ती अधिक बोचरी आहे. पुढे हिटलरच्या ज्यूद्वेषाचा निषेध करून लोकशाहीचा धडा देणाऱ्या मिस गेट्स याच बाई गावातील कृष्णवर्णीयांविषयी तिरस्काराने बोलतात, हेही स्काउटच्याच ध्यानात येते.

परंतु स्काउटच्या नजरेला मर्यादा आहे. टॉमची मुले वाचकाला ओझरती दिसतात, फारशी बोलत नाहीत. म्हणूनच या कादंबरीला कृष्णवर्णीयांच्या साहित्यात जमा करणे योग्य नव्हे. ती गोऱ्या लेखिकेची, आपल्याच समाजाकडे पाहणारी कृती आहे. मराठीत ही जागा आत्मकथनांनी भरून काढली. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) यांत अन्याय सोसणारे मूलच मोठे होऊन लिहिते. त्याहीआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपल्या शाळेतील गोणपाटाचा तुकडा नोंदवून ठेवला आहे. तो शाळेचा नोकर शिवत नसे. म्हणून रोज घरी नेऊन पुन्हा आणावा लागे. झीबो शाळेबाहेर राहिला. येथे मूल शाळेत आहे आणि तरीही बाहेर आहे. या दोन्ही कृती शेजारी ठेवून शिकविल्या, तर अॅटिकसच्या थोरवीपेक्षा टॉमच्या मुलांचे मौन अधिक ठळक होईल.

आणखी एक प्रसंग सहसा टिपणांत येत नाही. कॅल्पर्निया फिंचांच्या घरी एका धाटणीचे इंग्रजी बोलते आणि चर्चमध्ये दुसऱ्या. मुलांनी विचारल्यावर, आपल्या माणसांत गोऱ्यांसारखे बोलणे शोभणार नाही, अशा आशयाचे उत्तर ती देते. बुलढाणा जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्याच्या घरात 'मले-तुले' चालते आणि जो वर्गात उभा राहिला की 'मला-तुला' जुळवीत बोलतो, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. त्याला कॅल्पर्नियाची भीड ओळखीची असते. मात्र टिपणवहीत त्या प्रसंगासाठी एकही ओळ नसते.